सिएम रीप आणि अंकोरवाट : सासूबाई ७१ च्या, मुलगा १० चा, हातात चार दिवस. जमेल का?

राजेंद्रनगरची_सून
नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच प्रश्न टाकतेय, जरा लांबलाय, सांभाळून घ्या. आम्ही इंदूरचे. दिवाळीनंतर म्हणजे कार्तिकात, शाळेची सुट्टी आणि ह्यांची रजा जुळवून कंबोडियाला सिएम रीपला जायचं ठरतंय, मुख्य म्हणजे अंकोरवाट बघायला. जाणं-येणं सोडून तिथे चार दिवस मिळतील. मी, हे, आमचा १० वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. घोडं अडलंय ते सासूबाईंपाशी. त्या ७१ च्या आहेत, गुडघे दुखतात, सपाटीवर हळूहळू दोन किलोमीटर आरामात चालतात पण जिना आला की बसूनच जातात. मागच्या वर्षी मांडूला गेलो तेव्हा रूपमती महालाच्या चढावर अर्ध्यातून परत फिरल्या होत्या. ह्यांचं म्हणणं की आईला उगाच त्रास, तिला आठ दिवस ननंदेकडे देवासला ठेवू. त्या स्वतःही म्हणून राहिल्यात की तुम्ही जा, मी काय दगड बघू, मला आपलं घरी बरं. पण मला ते मनापासून पटत नाहीये. गेल्या चातुर्मासात रोज संध्याकाळी नातवाला समोर बसवून त्यांनी पोथीतल्या गोष्टी सांगितल्या, समुद्रमंथन तर त्याला असं पाठ आहे की कुठलं रत्न कितवं निघालं ते विचारा. आणि तेच समुद्रमंथन तिथे भिंतीवर कोरलंय असं वाचलं, तेव्हापासून वाटतंय की ज्यांच्यामुळे पोराला ह्याची गोडी लागली त्यांनाच मागे ठेवून कसं जायचं.

तर विचारायचंय ते असं. गुडघे दुखणाऱ्या माणसाला तिथे खरंच काही बघता येतं का, की सगळी मंदिरं म्हणजे नुसत्या पायऱ्या? चार दिवसांत काय ठेवावं, काय सोडावं? शिवाय त्या कांदा-लसूण चालवून घेतात पण अंडं-मासा अजिबात नाही, आणि कार्तिकी एकादशी त्याच आठवड्यात येतेय, उपास सोडणार नाहीत हे नक्की. कुणी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना घेऊन गेलं असेल तर प्लीज सविस्तर लिहा.

नर्मदे_हर
ताई, मी २०२४ च्या जानेवारीत बाबांना घेऊन गेलो होतो, ते तेव्हा ७४ चे, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. त्यामुळे हा प्रश्न बघून राहवलं नाही, ऑफिसातून घरी आल्याआल्या लिहायला बसलोय. सरळ सांगतो, घेऊन जा. फक्त जे सगळे करतात तसं करू नका.

आधी जाण्याचं. इंदूरहून मुंबई किंवा दिल्ली आणि पुढे बँकॉक, क्वालालंपूर नाहीतर सिंगापूर असं बदलत जावं लागतं, तर तिकीट काढतानाच आईंसाठी व्हीलचेअर मागून ठेवा, लाजू नका, मोठ्या एअरपोर्टवर एका गेटपासून दुसऱ्या गेटपर्यंतचं चालणंच जास्त होतं, मंदिरापेक्षा. बँकॉकला उतरून बसने किंवा टॅक्सीने सीमा ओलांडून जायचे सल्ले जुन्या पोस्टमध्ये भरपूर सापडतील, ते विसरा, २०२५ मध्ये थायलंड-कंबोडिया सीमेवर चक्क लढाई झाली आणि नाकी बंद झाली, म्हातारं माणूस आणि पोर घेऊन तो रस्ता नकोच, विमानानेच जा. दुसरं म्हणजे सिएम रीपचं जुनं विमानतळ मंदिरांच्या अगदी जवळ होतं, ते बंद होऊन २०२३ च्या ऑक्टोबरपासून नवीन सुरू झालंय आणि ते गावापासून चाळीस-पन्नास किलोमीटर लांब आहे, तासभर धरून चाला आणि हॉटेलला सांगून गाडी आधीच ठरवा. व्हिसा ऑनलाइन मिळतो, सरकारी साइटवरूनच काढा, तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या साइट जास्त पैसे घेतात.

आता पास. एका दिवसाचा ३७ डॉलर, तीन दिवसांचा ६२, सात दिवसांचा ७२. तुम्ही तीन दिवसांचा घ्या, तो लागोपाठ वापरावा लागत नाही, १० दिवसांत कुठलेही तीन चालतात, म्हणजे मधे एक दिवस आईंना पूर्ण आराम देता येतो. १२ वर्षांखालच्या मुलांना पास लागत नाही पण वयाचा पुरावा म्हणून मुलाचा पासपोर्ट जवळ ठेवा, नाक्यानाक्यावर विचारतात. तिकीटघर मंदिराच्या दारात नाही, गावाकडे वेगळ्या इमारतीत आहे, तिथे उभ्याउभ्या फोटो काढून पासवर छापतात. हरवला तर नवीन घ्यावा लागतो, म्हणून आम्ही बाबांच्या गळ्यातच अडकवला होता.

आणि आता महत्त्वाचं. अंकोरवाटचं मुख्य दार पश्चिमेला आहे, सगळं जग तिथूनच शिरतं, खंदकावरचा लांब दगडी पूल, मग आतला तेवढाच लांब दगडी रस्ता, सावली नाही, फरशा वरखाली. बाबा निम्म्यातच दमले असते. आम्ही पूर्वेकडून गेलो. त्या बाजूला मातीची वाट आहे, दोन्हीकडे झाडं, गर्दी जवळजवळ नाही. टुकटुकवाल्याला सांगायचं की आम्हाला पूर्वेला सोड आणि तू पश्चिमेला जाऊन थांब, म्हणजे आल्या वाटेने परत फिरायला नको. सकाळी सातच्या सुमारास जा, सूर्योदय बघणारे तेव्हा नाश्त्याला बाहेर पडलेले असतात. आत लाकडी जिने आहेत, थोड्या पायऱ्या चढाव्याच लागतात पण कठडा धरून एकेक करत होतं. आपल्या महेश्वरच्या घाटावर त्या उतरत असतील तर इथेही जमेल. मात्र सगळ्यात वरचा मजला, त्याला बाकान म्हणतात, तो आईंनी सोडायचा, फार उभा जिना आहे. आणि हो, १२ खालच्या मुलांना तिथे सोडतच नाहीत, म्हणजे तुमचा मुलगाही खालीच. तुम्ही दोघं आलटून पालटून वर जा, खांदे आणि गुडघे झाकलेले पाहिजेत. शिवाय पौर्णिमा, अमावास्या, अष्टमी असे बौद्धांचे पवित्र दिवस असतात त्या दिवशी वरचा मजला बंद, आणि तुम्ही कार्तिकात जाताय तर त्रिपुरी पौर्णिमा बघून तारखा ठरवा.

आमचा दिवस असा असायचा : सकाळी सात ते साडेदहा एक मंदिर, फार तर दोन. मग हॉटेल, जेवण, झोप. साडेतीनला पुन्हा एखादं जवळचं. दुपारी अकरा ते तीन तिथे फिरणं म्हणजे वैशाखात राजवाड्यापासून अनवाणी चालणं. आम्ही एक घडीचं स्टूल नेलं होतं, साधं कापडाचं, प्लंबरलोक वापरतात तसलं. बाबा ते उघडून भिंतीसमोर बसायचे आणि अर्धा अर्धा तास उठायचे नाहीत. गुडघ्यासाठी म्हणून नेलेलं स्टूल, पण बाकीचे लोक पळत पुढे जायचे आणि आम्हाला सगळं निवांत बघायला मिळालं ते त्याच्यामुळेच.

सुदामानगर_सायकल
वरच्या दादांचं सगळं बरोबर आहे पण सूर्योदय सोडू नका ताई. आम्ही मित्र मित्र पहाटे साडेचारला निघालो होतो, आवारातल्या डाव्या हाताच्या तळ्याकाठी उभे राहिलो, आधी नुसता काळोख, मग शिखरं हळूहळू वेगळी दिसायला लागली आणि पाण्यात उलटी दिसली, कमळाची पानं मधेमधे. शेजारी शंभर-दोनशे माणसं असतील पण कुणी बोलत नव्हतं. अंगावर काटा आला होता. एवढ्या लांब जाऊन ते बघितलं नाही तर पुढे मन खात राहील असं मला वाटतं.

नर्मदे_हर
सायकलवाले भाऊ, तुमचं चूक नाही, पण ७१ वर्षांच्या बाईंना साडेतीनला उठवून, अंधारात त्याच पश्चिमेच्या पुलावरून चालवून, तासभर उभं करायचं आणि ढग आले तर काहीच नाही, आम्हाला तिसऱ्या दिवशी ढगच मिळाले. त्यापेक्षा असं करा ताई, पास तीन दिवसांचा आहेच, एका पहाटे तुमचे मिस्टर आणि मुलगा दोघंच जाऊन येऊ देत आणि तुम्ही दोघी झोपा. संध्याकाळच्या उन्हातही तो पश्चिमेचा दर्शनी भाग सोन्यासारखा दिसतो, तेव्हा आई नुसत्या खंदकाच्या कडेला बसल्या तरी पुष्कळ आहे.

जुनी_इतिहासवाली
मी इंदूरलाच एका शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवला, आता निवृत्त आहे. मी दोनदा जाऊन आले. पहिल्यांदा एका ट्रॅव्हल कंपनीबरोबर, बाविसजणांचा ग्रुप, दीड दिवसात नऊ मंदिरं. समुद्रमंथनाच्या भिंतीसमोर आम्हाला जेमतेम चार-पाच मिनिटं मिळाली, मी अजून वासुकीचं शेपूट शोधतेय तोवर पुढून शिट्टी वाजली. घरी आल्यावर फोटो बघून बघून रडू यायचं, की आपण तिथे होतो आणि बघितलं नाही. मग दोन वर्षांनी बहिणीला घेऊन परत गेले, पाच दिवस, पाचच मंदिरं. म्हणून सांगते की तुमच्या चार दिवसांसाठी यादी लहान ठेवा, आणि सासूबाईंना न्याच. तिथल्या भिंती ज्याला गोष्टी माहीत आहेत त्याच्याशीच बोलतात. गाइड तारखा सांगेल, पण त्या गोष्टी तुमच्या सासूबाईंच्या तोंडात आहेत.

बघा, नर्मदे_हर म्हणतायत तसं पूर्वेकडून शिरलात की डाव्या हाताला वळायचं, त्या बाजूच्या ओवरीत पहिलंच समुद्रमंथन. जवळजवळ ४९ मीटर लांबीची एकच भिंत, म्हणजे आपल्याकडचा आख्खा वाडा त्यात मावेल. मधोमध विष्णू, खाली कूर्म, वर अप्सरा उडतायत, आणि तळाशी समुद्रातले मासे, मगरी, रवीच्या जवळ आले ते घुसळणीत तुकडे होऊन पडलेत, हे पोराला दाखवा, फार आवडेल. एका बाजूला ९२ असुर, दुसऱ्या बाजूला ८८ देव. असुरांचे डोळे गोल बटबटीत, देवांचे बदामासारखे, टोप वेगवेगळे, म्हणजे न सांगता कळतं. देवांच्या टोकाला शेपटी धरून एक मोठा वानर उभा आहे, हनुमानासारखा. आपल्या पोथीत तो तिथे नसतो, त्यांच्यात आहे. सासूबाईंना नक्की खटकेल, आणि तिथूनच बोलणं सुरू होईल बघा.

तसंच पुढे दक्षिणेच्या ओवरीत गेलात की स्वर्ग आणि नरक, ३७ स्वर्ग आणि ३२ नरक, रेड्यावर बसलेला यम, आणि त्याच्यापुढे न्याय करायला चित्रगुप्त. कुणाला कशाबद्दल कुठली शिक्षा ते खाली लिहूनच ठेवलंय. मग राजा सूर्यवर्मन दुसरा ह्याची मिरवणूक, छत्र्याच छत्र्या, त्याचेच हे मंदिर, बाराव्या शतकाचा पहिला अर्धा भाग. आणि पश्चिमेला वळलात की कुरुक्षेत्र. शरपंजरी भीष्म शोधायला मुलाला सांगा, सापडतो. त्याच पश्चिमेच्या ओवरीचा पलीकडचा भाग म्हणजे लंकेचं युद्ध, हनुमानाच्या खांद्यावर उभा राम आणि समोर वीस हातांचा रावण. एवढं झालं की थांबा, तीन तास गेलेले असतील. बाकीच्या ओवऱ्या सोडल्या तरी चालतील.

एक गोष्ट लक्षात ठेवा. तुम्ही असे गेलात तर देऊळ उजव्या हाताला राहतं, म्हणजे आपली नेहमीची प्रदक्षिणा होते. पण ही चित्रं मुळात उलट्या क्रमाने लावलीत, पश्चिमेच्या दारातून आत येऊन देऊळ डाव्या हाताला ठेवून बघायची, म्हणजे अपसव्य. श्राद्धाला जानवं अपसव्य करतात हे सासूबाईंना सांगायला नको. त्यात दार पश्चिमेला, आणि राजाला मेल्यावर परमविष्णुलोक असं नाव दिलेलं, म्हणून काही अभ्यासक म्हणतात की हे विष्णूचं देऊळ आणि राजाचं मरणोत्तर स्थान असं दोन्ही असावं. सगळ्यांना ते मान्य नाही, पण मला तिथे संध्याकाळी उभं राहिल्यावर पटलं.

बाहेर पडताना पश्चिमेच्या गोपुरात एका बाजूला आठ हातांचा मोठा विष्णू उभा आहे. तिथले लोक त्याला ता रीच म्हणतात, रीच म्हणजे आपलं राज, राजा. भगवं वस्त्र नेसवलेलं असतं, उदबत्त्या लागलेल्या, गावातल्या बाया नवस बोलायला येतात. हे देवळापेक्षाही मला जास्त भिडलं. व्हॉट्सअॅपवर अंकोरवाट म्हणजे जगातलं सगळ्यात मोठं हिंदू मंदिर असे फॉरवर्ड फिरतात, पण शेकडो वर्षांपासून ते बौद्धांचं पूजास्थान आहे आणि आजही तिथे भिक्खू असतात, तेव्हा मुलाला आधी समजावून न्या की हे कुणाचं तरी चालतं देऊळ आहे, आरडाओरडा नको, भिक्खूंना हात लावायचा नाही. सासूबाईंनी हात जोडले तर तिथल्या बायकांना आनंदच होईल.

बाकी तीन मंदिरं धरा. बांते स्रेई : गावापासून तीस-पस्तीस किलोमीटर, पण सगळं सपाट, लहानसं, गुडघ्यांसाठी सगळ्यात सोपं हेच. इ.स. ९६७ मधलं शिवाचं, लालसर गुलाबी दगड आणि त्यावर असं कोरीव काम की लाकूड वाटावं. कैलास हलवणारा रावण, मदनाचं दहन, वाली-सुग्रीव, खांडववन. सकाळी लवकर जा. दुसरं बायोन, तिथे वर नका चढू, बाहेरच्या भिंतीच बघा, त्यावर देव कमी आणि माणसं जास्त : बाजार, मासे विकणाऱ्या बायका, कोंबड्यांची झुंज, चुलीवरची भांडी, एक बाळंतीणसुद्धा. आठशे वर्षांपूर्वीचा बाजार कसा असेल ते सासूबाईंना तुमच्यापेक्षा चांगलं कळेल. तिसरं ता प्रोम, जिथे झाडांची मुळं भिंतींवर पसरलीत ते. राजा जयवर्मन सातवा ह्याने आपल्या आईसाठी ११८६ मध्ये उभारलेलं, तिथे आपल्याच पुरातत्त्व खात्याने बरीच वर्षं डागडुजीचं काम केलंय, फिरायला लाकडी पट्ट्यांच्या वाटा आहेत पण खालचे दगड वरखाली, तिथे मात्र हात धरून चला. ह्या देवळातला शिलालेख संस्कृतात आहे आणि त्यात राज्यातल्या १०२ रुग्णालयांचा उल्लेख येतो, शब्द कुठला वापरलाय ठाऊक आहे, आरोग्यशाला. मी तो शब्द वर्गात फळ्यावर लिहायचे तेव्हा पोरं मागे वळून एकमेकांकडे बघायची.

आणि एक, आपल्याकडच्या विदिशाजवळच्या उदयपूरचं नीळकंठेश्वर मंदिर बघितलंय का? परमार उदयादित्याचं, अकराव्या शतकातलं. जमलं तर जाण्याआधी एका रविवारी सासूबाईंना तिथे घेऊन जा. अंकोरवाटच्या आधी काही दशकंच आपल्या माळव्यात काय घडवत होते ते डोळ्यांत असलं की तिथली शिखरं वेगळीच दिसतात. वाटेत गुडघ्यांचा अंदाजही येईल.

पोहे_जिरावण
मी जेवणावर लिहिते कारण त्यावर कुणी बोललंच नाही. तिथे भाजी म्हणून मागितलेल्या डिशमध्येही फिश सॉस असतो, आणि प्राहोक म्हणून आंबवलेल्या माशांचा गोळा असतो तो बऱ्याच रश्श्यांत घालतात, दिसत नाही पण वास येतो. तेव्हा नुसतं व्हेज म्हणून भागत नाही, मासे नको, फिश सॉस नको, कोळंबी नको असं मोबाइलवर त्यांच्या भाषेत लिहून दाखवायचं. गावात भारतीय हॉटेलं आहेत, ओल्ड मार्केटच्या आसपास तर बरीच, तिथे रात्रीचं जेवण निभतं. पण रोज रोज ते तेलकट पनीर म्हाताऱ्या माणसांना झेपत नाही. आम्ही स्वयंपाकघर असलेली खोली घेतली होती, तांदूळ आणि भाज्या तिथल्या मंडईत छान मिळतात, मुगाची डाळ, मेतकूट, गूळपोळी आणि दोन पाकिटं परमल-शेव इंदूरहून नेली होती. एकादशीचं काही अवघड नाही, रताळी, शहाळी, केळी, पपनस भरपूर, भगर आणि शेंगदाण्याचं कूट घरून न्या, एक लहान कुकर असला की झालं. पैसे डॉलरमध्येच चालतात, एक आणि पाचच्या नोटा जास्त ठेवा, जरा फाटलेली किंवा डागाळलेली नोट घेत नाहीत, आणि डॉलरच्या आतली मोड त्यांच्या रिएलमध्ये परत देतात, साधारण चार हजार रिएल म्हणजे एक डॉलर.

राजेंद्रनगरची_सून
काय बोलू, इतकं मनापासून कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. काल रात्री जेवणं झाल्यावर मी हे सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. आधी सासूबाई भाजी निवडत नुसत्या ऐकत होत्या. मग बाईंनी लिहिलेलं ९२ असुर आणि ८८ देव आलं तेव्हा हात थांबले आणि म्हणाल्या, असुर कुठल्या बाजूला धरून उभे आहेत ते विचार त्यांना, तोंडाकडे की शेपटीकडे? कारण पोथीत असुर हट्टाने तोंडाकडे जातात आणि वासुकीच्या फुत्काराने होरपळतात, ते तसंच दाखवलंय का? ह्यांनी लगेच मोबाइलवर फोटो शोधायला घेतला तर म्हणाल्या, फोटो नको दाखवूस, बाईंना विचार. चित्रगुप्ताचं ऐकून मुलगा झोपायलाच तयार नव्हता, ३२ नरकांची नावं पाहिजेत त्याला.

अजून दोन शंका. तळ्यावरची गावं, बोटीतून नेतात ती, त्यात घेऊन जावं का? आणि त्रिपुरी पौर्णिमेला तिथे काही असतं का, कारण तारखा नेमक्या तिथेच येतायत.

जुनी_इतिहासवाली
सासूबाईंना सांगा, असुर तोंडाकडेच आहेत. अगदी पोथीप्रमाणे. वासुकीची अनेक फणांची मान असुरांच्या टोकाला आहे आणि देवांकडे शेपूट. त्यांनी हा प्रश्न विचारला हे वाचून मला किती बरं वाटलं ते लिहिता येत नाही. तीस वर्षांत एकाही मुलाने विचारला नव्हता.

पौर्णिमेचं म्हणाल तर तिथेही कार्तिकी पौर्णिमेलाच मोठा सण असतो, पाण्याचा सण, होड्यांच्या शर्यती होतात, चंद्राला नैवेद्य दाखवतात. मोठा सोहळा राजधानीत नोम पेन्हला, पण सिएम रीपच्या नदीवरही शर्यती होतात. गर्दी असेल आणि हॉटेलं महाग, पण नदीकाठी खुर्ची टाकून बसता आलं तर ते चुकवू नका. ह्या सणामागे तोन्ले साप तळ्याची गोष्ट आहे. पावसाळ्यात मेकाँग नदी इतकी फुगते की तळ्यातून निघणारी नदी उलटी वाहायला लागते, तळं चौपट-पाचपट पसरतं, आणि पावसाळा संपला की पाणी पुन्हा मूळ दिशेला फिरतं. ते फिरणं म्हणजे हा सण. एवढं मोठं राज्य पोसलं गेलं ते ह्याच पाण्यावर, मासळीवर आणि भातावर.

अजून एक सांगते, भाद्रपदात आपला पितृपक्ष तेव्हा त्यांचाही पंधरा दिवसांचा पितरांचा सण असतो, प्चुम बेन. त्यातला बेन म्हणजे आपला पिंड. भाताचे पिंड करून पहाटे देवळात ठेवतात. खेडं म्हणजे फूम, ते आपलं भूमी. शिक्षक म्हणजे क्रू, ते गुरू. देवता म्हणजे तेवोदा. मुलाला एक वही द्या आणि असे शब्द गोळा करायला सांगा.

नर्मदे_हर
तळ्यावरच्या गावांचं मी सांगतो. कार्तिकात पाणी भरपूर असतं त्यामुळे उंच खांबांवरची घरं आणि बुडालेलं जंगल छान दिसतं, पण बोटीत चढताउतरताना धक्का नीट नसतो, गुडघ्यांचा प्रश्न तिथे खरा येईल. शिवाय काही ठिकाणी मधेच थांबवून मुलांसाठी तांदूळ घ्या, वह्या घ्या म्हणून मागे लागतात आणि भाव मनमानी, बाबांना ते फार लागलं, गरिबांच्या नावाने कुणीतरी दुसराच पैसे घेतोय असं त्यांना वाटत राहिलं. माझं मत, आईंना घेऊन नका जाऊ, तो दिवस आरामाला ठेवा.

क्रम असा लावा : पोहोचल्या दिवशी संध्याकाळी पाचनंतर पास काढा, तो दुसऱ्या दिवसापासून धरतात आणि त्या संध्याकाळी आत जाऊही देतात, नुसता खंदकाकाठी फेरफटका मारा. मग पहिला दिवस अंकोरवाट, दुसरा बांते स्रेई, तिसरा पूर्ण आराम आणि जमलं तर सकाळी म्युझियम, तिथे एसी आहे आणि बसायला जागा आहे, चौथा सकाळी बायोन, दुपारी उशिरा ता प्रोम. टुकटुक आख्ख्या दिवसासाठी एकच ठरवा, चारजण आरामात बसतात, आणि पहिल्या दिवशीचा माणूस चांगला निघाला तर तोच चारही दिवस ठेवा. आमचा तो बाबांना हात देऊन उतरवायचा आणि बर्फातल्या पाण्याच्या बाटल्या तयार ठेवायचा. निघताना बाबांनी त्याला आपलं उपरणं दिलं, अजून त्याचे नवीन वर्षाचे मेसेज येतात.

आणि आईंचा पासपोर्ट बघून घ्या, परतीनंतर नाही, तिथे पोहोचायच्या तारखेपासून सहा महिने तरी चालू असला पाहिजे.

राजेंद्रनगरची_सून
बरं झालं आठवण केलीत दादा, आत्ता कपाटातून काढून बघितला तर त्यांचा मार्चमध्येच संपलाय. उद्याच रिन्यूचा फॉर्म भरते. ह्यांनी स्वतःहून विचारलं की स्टूल एक घ्यायचं की दोन, कारण मुलगा म्हणतोय तोही आजीशेजारीच बसणार. रविवारी पहाटे उदयपूरला निघतोय, सासूबाईंनी दशम्या करायला घेतल्यात.